अधिक महिन्यातलं लग्न

सुवर्णमहोत्सवाला आठवडा उरला होता आणि बसवनगुडीतल्या त्या घरात कुणालाही सुखानं शेंगा सोलता येत नव्हत्या. चार माणसं एका जागी बसलेली दिसली, की नरसिंहराव स्मरणिकेचे कागद घेऊन तिथं हजर. त्यांच्या वडिलांच्या, भीमाचार्यांच्या पंचांगाला यंदा पन्नास वर्षं पुरी होत होती, आणि ही गोष्ट बेंगळूरला अजून म्हणावी तशी कळलेली नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

रविवारी सकाळी मागच्या पडवीत अवरेच्या शेंगांचा ढीग पडला होता. नरसिंहरावांची बायको अनुसूया, तिच्या सासूबाई कृष्णाबाई आणि चौदा वर्षांची मुलगी विद्या अशा तिघी सोलायला बसल्या होत्या. भीमाचार्य खांबाला टेकून, डोळे मिटून, ऐकत नसल्यासारखे ऐकत होते.

"हं, ऐका," नरसिंहराव म्हणाले. "‘पन्नास वर्षांत या पंचांगाची एक तिथी चुकली नाही. केवळ शके अठराशे चौसष्टचं पंचांग महायुद्धातल्या कागदटंचाईमुळं निघू शकलं नाही.’ कसं वाटतंय?"

"छान," अनुसूया म्हणाली. कालपासून तिनं हे वाक्य चार वेळा ऐकलं होतं.

"अण्णा, ते वाक्य गाळावं लागेल."

दारात त्रिविक्रम उभा होता. हा अनुसूयेचा धाकटा दीर, अठ्ठावीस वर्षांचा, नवा वकील. रविवार असूनही त्याच्या अंगावर काळा कोट होता आणि डोळे जागरणानं तांबडे झाले होते.

"का? लांबलंय?"

"लांबलं नाही. खोटं आहे."

कृष्णाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. भीमाचार्यांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा पाय हलायचा थांबला. अनुसूयेला दोन्ही दिसलं. या घरात सोळा वर्षं काढल्यावर कुणाचा पाय कधी थांबतो हे तिला पाठ होतं.

त्रिविक्रम पडवीच्या पायरीवर बसला आणि बोलायला लागला. यल्लाप्पाचा खटला घरात सगळ्यांना ठाऊक होता. सरकारनं त्या पोराच्या बाजूनं उभं राहायला त्रिविक्रमला नेमलं, तेव्हा कृष्णाबाईंनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बोम्मसंद्र्याच्या पुढच्या एका खेड्यातलं पोर. होसूर रस्त्यावर झाडाखाली विसावलेल्या तीन गाडीवानांना त्यानं दोन महिन्यांत कोयत्यानं मारलं होतं. एकाची कांबळी घेतली, एकाची विजेरी, तिसऱ्याच्या नुसत्या वहाणा. पकडल्यावर त्यानं तिन्ही खून कबूल केले. विचारल्यावाचून तिसऱ्याचं ठिकाणही दाखवलं.

"आता प्रश्न वयाचा आहे," त्रिविक्रम म्हणाला. "सोळा पुरी नसतील तर मुलांच्या कायद्यानं फाशी देता येत नाही. पहिल्या दोन वेळी तो कसंही मोजलं तरी सोळाच्या आतला. तिसरा खून दोन मे रोजी झाला. शाळेत गेला नाही, म्हणून दाखला नाही. डॉक्टर म्हणतात पंधरा ते सतरा. त्याची आई एवढंच सांगते, की चित्रभानू संवत्सरात अक्षय तदिगेला जन्मला."

"म्हणजे अक्षय्य तृतीयेला," विद्या उत्साहानं म्हणाली. पंचांगवाल्यांची नात ती. "शके अठराशे चौसष्ट, म्हणजे बेचाळीस सालची."

"होय. आणि त्या वर्षी अक्षय्य तृतीया होती अठरा एप्रिलला. म्हणजे खुनाच्या वेळी सोळा पुरी होऊन चौदा दिवस झालेले. फाशी." त्रिविक्रमनं खाली बघितलं. "पण आई हट्टानं म्हणते, आमच्या गावात त्या वर्षी अक्षय तदिगे सगळ्यांच्या मागून महिन्यानं आली. जोयिसांनी सांगितलं तशी केली. सरकारी वकील हसले. मी नाही हसलो. त्या गावाचे जोयिस अप्पांचे शिष्य होते. ते वारले, आणि त्यांच्या घरी त्या सालचं पंचांग उरलेलं नाही."

त्रिविक्रम कृष्णाबाईंकडं वळला.

"मी बारा वर्षांचा होतो, अम्मा," तो आईला म्हणाला. "तीन दिवस आंघोळीचं पाणी कशावर तापलं, ते मला आठवतं."

कृष्णाबाईंनी शेंग टोपलीत टाकली. "पंचांगावर तापलं," त्या म्हणाल्या. "लपवायचं कशाला आता? मीच घातली बंबात. कागद कमी म्हणून दीडशेच प्रती काढलेल्या. सगळ्या जगाचा ज्येष्ठ अधिक आणि यांचा वैशाख अधिक! काशीहून यांच्या गुरुबंधूंचं पत्र आलं तेव्हा कळलं. मग घरोघर माणूस पाठवून एकेक प्रत परत आणवली. खेड्यातल्या राहिल्या असतील, त्या राहिल्या."

"अम्मा!" नरसिंहराव ओरडले.

"काय अम्मा? पाणी मात्र झकास तापायचं."

विद्याला हसू फुटलं आणि तिनं ओच्यात तोंड लपवलं. अनुसूयाही हसणार होती. पण तिची बोटं आपोआप हिशेब करायला लागली होती, आणि हिशेब जसजसा पुढं गेला तसतसं हसू मागं राहिलं. सगळ्यांचा ज्येष्ठ अधिक. यांनी छापला वैशाख अधिक. म्हणजे यांनी ज्याला चांगला, निज वैशाख म्हटलं, तो महिना खरं म्हणजे...

"आपलं लग्न कधी झालं हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नरसिंहरावांनी स्मरणिकेच्या कागदात डोकं घातलं.

"निज वैशाख शुद्ध दशमी," तिनंच उत्तर दिलं. "चोवीस मे. म्हणजे अधिक ज्येष्ठात! माझं लग्न अधिक महिन्यात लावलंत तुम्ही?"

अधिक महिन्यात या घरात कुणी नवं लुगडंसुद्धा नेसत नसे. मुंज नाही, वास्तू नाही, लग्नाचं तर नावही काढायचं नाही. आणि सोळा वर्षं तिनं नातेवाइकांत तोऱ्यानं सांगितलं होतं, की माझा मुहूर्त साक्षात भीमाचार्यांनी काढला.

"पण एकशे ऐंशी माणसं जेवली त्या दिवशी! त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी दुसरं पंचांग नव्हतं?"

"होतं की," कृष्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण भीमाचार्य स्वतःच्या मुलाचं लग्न लावताहेत म्हटल्यावर ज्याला त्याला वाटलं, आपलंच पंचांग चुकलं असणार. तुझ्या वडिलांनाही तसंच वाटलं. पत्र आलं ते लग्नानंतर आठ दिवसांनी. तू नुकती कुठं रुळत होतीस. म्हटलं, सुम्मने, उगीच कशाला पोरीच्या डोक्याला ताप."

"सगळ्यांना ठाऊक होतं," अनुसूया म्हणाली. "मी सोडून सगळ्यांना."

"मला नव्हतं," विद्या म्हणाली.

"तू तेव्हा जन्मली नव्हतीस, गप्प बस."

भीमाचार्य उठले. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि काही न बोलता देवघरात गेले. त्यांचं न बोलणं नेहमीचंच, पण आज ते वाकून चालत होते.

ते आत गेल्याबरोबर घराचे दोन तट पडले. नरसिंहराव म्हणाले, प्रती जळाल्या, पुरावा नाही, विषय संपला. अप्पा उद्या साक्षीला उभे राहिले तरी सरकारी वकील म्हणणार, म्हातारा मुलाची केस जिंकून द्यायला खोटं बोलतोय. मग अब्रू कशाला घालवायची? कृष्णाबाई थोरल्याच्या बाजूच्या झाल्या. विद्या काकाच्या बाजूला जाऊन बसली, तेव्हा तिच्या आजीनं तिला शेंगांकडं परत ओढलं.

"पुरावा आहे," त्रिविक्रम म्हणाला आणि अनुसूयेकडं बघून लगेच नजर वळवली. "वैनी, तुमची लग्नपत्रिका आहे का हो अजून?"

आत्ता तिला कळलं, हा रविवारी काळा कोट घालून का आला ते. पत्रिका होती. तिच्या ट्रंकेत शालूच्या घडीत ठेवलेली. तीवर ठसठशीत छापलं होतं: शके १८६४, निज वैशाख शुद्ध दशमी, रविवार, आणि खाली इंग्रजी तारीख, २४ मे. भीमाचार्यांचं चुकलेलं पंचांग जगात ज्या एका कागदावर शिल्लक होतं, तो कागद तिचा होता. तो कोर्टात गेला तर ते पोर वाचेल, आणि अनुसूयेचं लग्न अधिकात लागलं हे चिक्कपेटेपासून मल्लेश्वरापर्यंत सगळ्या आप्तांना माहीत होईल.

"अजिबात नाही," नरसिंहराव म्हणाले. "चार वर्षांनी विद्याला स्थळं बघायचीत. लोक काय विचारतील? आईचंच लग्न अधिकातलं, मुलीचं काय? अनुसूया, ट्रंकेची किल्ली इकडं दे."

सोळा वर्षांत नवऱ्यानं मागितली आणि तिनं दिली नाही अशी वस्तू नव्हती. तिनं किल्ली कमरेच्या निऱ्यांत आणखी आत खोचली.

"विक्रम, मला एक खरं सांग. त्यानं मारलं का त्या तिघांना?"

"मारलं, वैनी. तिघांनाही."

"वाईट वाटतं त्याला?"

"मला सांगता येत नाही. तुरुंगात भेटायला गेलो की विचारतो, आज जेवायला काय आहे. तेवढंच."

"आणि ज्यांची तीन माणसं गेली," कृष्णाबाई कडाडल्या, "त्यांनी कुणाचं पंचांग बघायचं रे?"

हे मात्र सगळ्यांनाच लागलं. अनुसूयेलाही. झाडाखाली झोपलेल्या त्या माणसांच्या घरी बायका होत्या, पोरं होती, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला या पडवीत सासूबाईंवाचून कुणी नव्हतं.

"अम्मा, मी त्याला सोडवायला निघालो नाही," त्रिविक्रम म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान मुलासारखा झाला. "तो तुरुंगातच राहील. कायद्यानं एक माप दिलंय, सोळाचं. ते खरं लावावं, एवढंच माझं म्हणणं. खोट्या मापानं कुणाला टांगलं तर मग आपण कशाच्या जोरावर त्याला खुनी म्हणायचं?"

तेवढ्यात देवघराचं दार वाजलं. भीमाचार्य बाहेर आले.

"सूनबाई," ते म्हणाले. "पत्रिका तुझी आहे. मी मागणार नाही. कुणी मागायचीही नाही." त्यांनी थोरल्याकडं बघितलं. "मी चूक केली, आणि ती जाळली. जाळली हे जास्त वाईट केलं. माझ्या चुकीचं पुण्य म्हण नाहीतर पाप म्हण, ते पोर माझ्या वैशाखात जन्मलंय. उद्या मी साक्षीला उभा राहणार. लोकांना पटो न पटो."

एवढं लांबलचक ते एरवी ग्रहणावरच बोलत.

अनुसूयेला राग आला होता, आणि तो ओसरायला तयार नव्हता. लग्न अधिकात लागलं याचा नव्हेच. चार मुलं झाली, सगळी धडधाकट, नवरा चिडका पण मायेचा. कुठल्याही शुभ महिन्यानं याहून काय मोठं दिलं असतं? सोळा वर्षं घरातली सगळी मोठी माणसं तिच्या तोंडावर गोड बोलत राहिली, याचा राग होता. तिला वाटलं, आपण त्या कृष्णाबाईंच्या बंबातल्या एकशे एकावन्नाव्या प्रतीसारख्या आहोत, जळायची राहून गेलेली.

"देते," ती म्हणाली. "पण कागद एकटा जाणार नाही. मी घेऊन येणार आणि माझ्या लग्नाबद्दल मी बोलणार. आतापर्यंत तुम्ही सगळे माझ्या वतीनं गप्प बसलात ते पुष्कळ झालं."

"तू? कोर्टात?" नरसिंहराव खालीच बसले.

"अवरे सोला तोवर," ती म्हणाली आणि ट्रंक उघडायला गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात इतकी गर्दी झाली, की भीमाचार्यांच्या महोत्सवालाही तेवढी होईल की नाही याची शंका होती. नरसिंहराव त्यांच्याबरोबर निघाले नव्हते. डोकं दुखतंय म्हणाले.

आरोपीच्या पिंजऱ्यात यल्लाप्पा उभा होता. अनुसूयेनं मनात कुणीतरी दांडगा धरला होता. हा तिच्या थोरल्या मुलाएवढा निघाला. मनगटं बारीक, सदऱ्याच्या बाह्या लांब. तो खिडकीतून बाहेर झाडावरची माकडं बघत होता. त्या मनगटांनी काय केलं ते तिला ठाऊक होतं, आणि तरी ती मनगटं पोराचीच होती. मागच्या बाकावर त्याची आई पदर तोंडात धरून बसली होती.

सरकारी वकील हंबीरराव भारदस्त गृहस्थ. त्यांनी भीमाचार्यांना नमस्कार करूनच प्रश्न सुरू केले.

"आचार्य, पन्नास वर्षांत आपली एकच चूक?"

"सापडलेली एक," भीमाचार्य म्हणाले.

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायला घेतला.

"आणि नेमकी आपल्या चिरंजीवांच्या खटल्याच्या कामाची?"

"चूक मी सोळा वर्षांपूर्वी केली. तेव्हा चिरंजीव गोट्या खेळत होता."

मग अनुसूयेला बोलावलं. तिनं पत्रिका दोन्ही हातांनी पुढं केली. कारकुनानं तीवर शिक्का मारला आणि निशाणी नऊ असा आकडा घातला. शालूच्या घडीतल्या डांबरगोळ्यांचा वास सगळ्या टेबलाभर पसरला.

"बाई," हंबीरराव म्हणाले, "अधिक महिन्यात कुणी लग्न लावतं का?"

"आमच्या घरी लावतात."

"मला वाटतं ही इंग्रजी तारीख छापखान्याची चूक आहे. लग्न एप्रिलात झालं."

"लग्नात मी होते, साहेब," अनुसूया म्हणाली. "एप्रिलात मी माहेरी कैरीचं लोणचं घालत होते. लग्न मेच्या चोवीसला लागलं. माझे सासरे सांगतील त्या तिथीला लागलं आणि ती तिथी चुकलेली होती. मला काल कळलं. आनंद झाला म्हणाल तर नाही झाला. पण आहे ते असं आहे."

न्यायाधीश पुढं वाकले. "हे इथं सांगितल्यानं समाजात तुमच्याबद्दल बोललं जाईल, याची कल्पना आहे तुम्हाला?"

"होय, स्वामी. कालपासून मी स्वतःच बोलतेय."

पुन्हा हशा झाला. हंबीररावांनी आणखी विचारायचं नाही म्हणून हात हलवला आणि खाली बसले.

निकाल शनिवारी लागला. न्यायाधीशांनी तो सावकाश वाचला. तिन्ही खून शाबीत. आचार्य आरोपीच्या वकिलाचे वडील असल्यानं त्यांच्या एकट्याच्या शब्दावर हे कोर्ट विसंबलं नसतं, असं ते म्हणाले. पण ज्या घराचं सगळं नाव मुहूर्तावर उभं आहे, त्या घरची सून स्वतःचं लग्न अशुभ महिन्यात लागलं अशी खोटी गोष्ट रचून सांगणार नाही. जे सांगायची लाज वाटावी तेच तिनं सांगितलं, म्हणून कोर्टाला ते खरं वाटतं. आरोपीचा जन्म मेच्या अठराला. गुन्ह्याच्या वेळी सोळाला सोळा दिवस कमी. फाशी नाही. आधी सुधारगृह, मग तुरुंग, सरकार ठरवेल तितकी वर्षं.

त्रिविक्रमनं पिंजऱ्याशी जाऊन पोराला कन्नडमध्ये समजावलं. त्यानं बोटांवर सोळा मोजले. मग आईकडं बघितलं आणि खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच रडायला लागला. मोठ्यानं, नाक ओढत. शिपायानं त्याला धरून नेलं तेव्हाही तो रडतच होता.

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाई अनुसूयेच्या आडवी आली. कपाळ मोकळं, कडेवर वर्षाचं मूल.

"तिसरा माझा माणूस," ती म्हणाली. "अम्मा, तुम्ही खोटं नाही ना बोललात?"

"नाही," अनुसूया म्हणाली. "देवाशपथ नाही."

ती बाई बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "सरी, मग," म्हणाली, मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली. अनुसूया तिथल्याच बाकावर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. आपण केलं ते बरोबर केलं याबद्दल तिला शंका नव्हती. त्या बाईसाठी आपल्याकडं कुठलाच कागद नाही, याचं रडू येत होतं.

"पाणी घे."

नरसिंहराव लोटी घेऊन उभे होते.

"तुम्ही कधी आलात?"

"सोमवारीही आलो होतो. मागं खांबाआड उभा होतो." त्यांनी खिशातून स्मरणिकेचं नवं पान काढलं. "छापखान्यात पान बदलायला सांगितलं. कागदटंचाई काढून टाकली. ‘शके अठराशे चौसष्टचं पंचांग चुकलं होतं’ असं सरळ घातलंय. बरोबर?"

"मोठ्या अक्षरात घाला," ती म्हणाली.

तोवर भीमाचार्य, कृष्णाबाई आणि विद्याही येऊन पोचले. म्हाताऱ्यांनी पाच दिवसांत काहीतरी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"सूनबाई, मार्गशीर्षात एक फार उत्तम मुहूर्त आहे. तीन-तीन पंचांगांशी ताडून बघितला. तुम्हा दोघांचं लग्न पुन्हा एकदा..."

"मी करवली!" विद्या ओरडली.

"नको, मामंजी," अनुसूया उठत म्हणाली. "आहे ते लग्न कोर्टात शाबीत झालंय. पत्रिका आता परत मिळायची नाही, ती त्या पोराच्या कागदांत कायमची शिवली. आपल्या सगळ्या आप्तांत सरकारी शिक्का बसलेलं लग्न दुसऱ्या कुणाचं आहे ते सांगा."

कृष्णाबाई आधी हसल्या, मग भीमाचार्य, मग सगळेच, इतके की शिपायानं येऊन हटकलं. नरसिंहराव मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातली रिकामी लोटी घेतली, आणि रस्त्यात नेहमी दहा पावलं पुढं चालणारा तो माणूस बायकोची वाट बघत पायरीवर थांबला.